गेळाचं माप

"माझ्या उखळात? मिरच्या कुटायच्या उखळात गेळ कुटायलीस तू?"

"मग कुटं कुटू, आत्याबाई? नदीवर गेले तर सगळी भोयवाडी बगंल."

"बगू दे की! कोंडाबाईच्या सुनंनं घरात इख आणलं, कळू दे लोकांला. उद्या ह्याच उखळात तू लसूण ठेचशील आन् परवा आमची तिरडी बांधशील."

"धुऊन ठेवते की राखेनं."

"राखेनं धुतल्यावर गेळ जातं व्हय? मुंज्या, आरं बोल की! बायकूनं काय मुकं औषध पाजलंय का तुला?"

मुंजाजी ओसरीवर जाळ्याची फाटकी गाठ दातात धरून बसला होता. त्याने गाठ सोडली नाही, म्हणजे बोलायची वेळच येणार नाही. कोंडाबाईने मुसळाचं एक टोक धरलं होतं, कासाबाईने दुसरं. दोघींच्या मधे उखळात वाळलेली गेळफळं अर्धवट फुटून पडली होती. लिंबाएवढी, तपकिरी, सुरकुतलेली. कोंडाबाईचा हात आधी सुटला, कारण तिला खोकला आला. गेळाची धूळ नाकात गेली की कोणालाही येतो.

"बग," खोकत खोकत ती म्हणाली, "माणसाची ही गत करतंय. माशाचं काय ऱ्हाईल?"

भोयवाडीत गेळ नवीन नव्हतं. उन्हाळ्यात नदी तुटून तिचे डोह झाले की सगळ्या घरच्या बायका काठावरच्या दगडावर ते कुटायच्या, पुरुष ते डोहात कालवायचे. थोड्या वेळाने मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागायचे, मग पाटीने गोळा करायचे. पण गेळ उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, ही रीत होती. कुटणाऱ्या बाईने त्या दिवशी भाकरी थापायची नाही, मूल अंगावर घ्यायचं नाही. कासाबाईने ते घरात आणलं होतं आणि तेही मासे मारायला नाही, जगवायला. हे कोणाला समजावून सांगायचं म्हणजे भांडण एकदाच सुरू व्हायचं आणि संपायचं मात्र नाही.

कासाबाई चुडाव्याची. बापाचं घर नदीकाठी, स्टेशनाच्या अंगाला. लग्न होऊन बोरीच्या बाजूला या वाडीत आली तेव्हा गावचं तळं जहागीरदाराचं होतं. भोयांनी मासे धरायचे, चांगले मासे गढीवर पोचते करायचे, राहिलेल्या डोकी-शेपट्या घरी आणायच्या. सणासुदीला गढीवरच्या बायकांची पालखीही यांनीच उचलायची. मुंजाजीच्या खांद्यावर अजून त्या दांडीचा घट्टा होता. पोलीस अॅक्शन झाली, जहागीर गेली, गढीच्या दारात गवत उगवलं. मग एका वर्षी परभणीहून मासोळी खात्याचे दिनकरराव आले, भोयांची सोसायटी करवून घेतली आणि तळं सोसायटीच्या नावावर झालं. सोसायटीचा म्होरक्या सूर्यभान त्या दिवशी तळ्याच्या पाण्याने चूळ भरून म्हणाला होता, "आपल्या मालकीच्या पाण्याची चव बगायलोय." सगळे हसले होते. कासाबाई हसली नव्हती. तिने पदर भिजवून डोळ्यांना लावला होता.

त्याच पावसात रेल्वेने डब्यांतून माशांचं बी आलं. रोहू आणि कटला. डोळ्याला दिसेल न दिसेल एवढं. लोक त्यांना 'कलकत्तेवाले' म्हणू लागले. बारकं होतं तोवर डब्यातून आलं, काही झालं नाही. आता ते हातभर झाले होते आणि पाऊस दगा देऊन गेला होता. तळं आटत आटत मधल्या खोलगट भागात आलं होतं. काठावर चिखलाच्या खपल्या उलगडल्या होत्या आणि बगळे उभे होते, जेवायला पान मांडल्यासारखे.

दिनकरराव येऊन बघून गेले होते. माणूस भला, पण त्याच्या हातात काही नव्हतं. "पाऊस पडल्यावर मी येईन," ते म्हणाले होते. "तळ्यात जाळं टाकू. मासा निघाला तर तळं तुमच्याकडं राहील. नाही निघाला तर लिलाव होईल. ठेकेदार टपून बसलेत, मला थांबवता यायचं नाही."

तळ्यापासून दोन कोसांवर, चारठाण्याच्या वाटेला, पडक्या देवळामागे एक जुनी बारव होती. तिचं पाणी कोणी पीत नव्हतं, पण ते आटतही नव्हतं. मासे तिथे नेऊन पावसापर्यंत ठेवायचे, हे मुंजाजीच्याच डोक्यातून निघालं. कावडीला घागरी लावून पुरुषांनी पहिली खेप नेली. मरळ, मांगूर असले गावठी मासे घागरीत कसे गपगार बसतात, हे प्रत्येक भोयाला ठाऊक. कलकत्तेवाले बसेनात. घागरीच्या काठावर डोकी आपटत होते, अंगाची खवलं सोलून निघत होती, उसळून रस्त्यावर पडत होते. बारवेत सोडले तेव्हा बरेचसे मेले होते आणि राहिलेले जखमांवर बुरशी धरून मेले.

तेव्हा सूर्यभान म्हणाला, "विकून टाकू. बोरीच्या बाजारात जे येईल ते येईल." कासाबाईने त्या वेळी एक आठवण काढली. लहानपणी डोहात गेळ कालवलं की ती डोहाच्या तोंडाशी बसायची, जिथे वरून झिरपा येत होता. तिथले मासे गुंगायचे, कुशीवर पडायचे, हातात घेतले तरी हलायचे नाहीत. पण ताज्या पाण्याकडे सरकले की थोड्या वेळाने शेपटी हलवून पळून जायचे. बाप शिव्या द्यायचा, कारण ते मासे हातचे जायचे.

"मेले न्हाईत ते," ती मुंजाजीला म्हणाली होती. "झोपले होते. झोपलेला मासा घागरीत डोकं आपटत न्हाई."

दिनकररावांनाही तिने विचारलं होतं, पदर डोक्यावर नीट ओढून. ते म्हणाले, "बाई, परदेशात अशी औषधं असतात म्हणे. आमच्याकडं काही नाही. आणि तळ्यात गेळ टाकायला सरकारची मनाई आहे." तळ्यात म्हणाले. घागरीत म्हणाले नव्हते.

*

रांजणात बाजारासाठी मरळी ठेवलेल्या होत्याच. कासाबाईने एक एक काढून घंगाळात सोडली. कुटलेलं गेळ फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी केली आणि कपड्यांना नीळ देतात तशी पाण्यात फिरवली. पाण्यावर फेस आला. पहिल्या मरळीला काहीच झालं नाही. दुसरीला जास्त फिरवलं, ती गरगर फिरली आणि कुशीवर पडली. धाकटी जाऊ बायनाबाई भाकरी टाकून बघायला आली.

"अगं बाई! अक्का, ही तर थोरल्या भावजीवानी झोपली. आता घोरायची तेवढी ऱ्हायली."

"गप बस. पाणी आण ताजं."

ताज्या पाण्यात टाकली तशी मरळीने गलफडं हलवली, आधी सावकाश, मग नेहमीसारखी, आणि कुशीवरून उलटून सरळ झाली. कासाबाईने तिला हात लावला तर ती हातातून निसटून घंगाळाच्या काठावर चढली. बायनाबाई किंचाळली. कोंडाबाई आतून ओरडली, "माझ्या घंगाळात बी इख घातलंय का आता?"

त्या दिवशी कासाबाईला भूक लागली नाही. सगळ्या मरळी तिने झोपवून उठवल्या. किती फिरवायचं, किती वेळ ठेवायचं, ते तिच्या हाताला कळलं. मुंजाजीने शेवटची मरळ स्वतः उठवून बघितली आणि तो सूर्यभानच्या घरी गेला.

खेप ठरली. पहाटे जाळं ओढलं, कलकत्तेवाले घागरींत घातले, कासाबाईने प्रत्येक घागरीत पुरचुंडी फिरवली, अगदी घंगाळात फिरवली होती तशी. घागरी शांत झाल्या. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. बायनाबाईचा नवरा अंगद म्हणाला, "वयनी, पाळणा म्हणलीस का गं ह्यांच्या कानात?" कावडी उचलल्या. वाटेत एकही मासा उसळला नाही. सूर्यभान चालता चालता बोलला, "मुंजाजी, तुझ्या बायकूला सोसायटीत घ्यावं लागंल."

बारवेच्या पायऱ्या उतरून घागरी ओतल्या. मासे पाण्यात गेले आणि पांढरी पोटं वर करून तिथेच राहिले. कासाबाई पायरीवर बसून म्हणाली, "उठतील. थोडं थांबा." सगळे थांबले. ऊन देवळाच्या खांबावरून उतरून पायऱ्यांवर आलं. एका रोहूची शेपटी हलली, पण ती वाऱ्याने पाणी हललं म्हणून. कोणीतरी काठी घेऊन मासे ढोसले. ते काठीबरोबर गेले आणि काठीबरोबर परत आले.

दुपारी वाटेवरच्या गावांतून लोक पाट्या घेऊन आले. बारवेत मासे तरंगतात, ही बातमी लांब जायला वेळ लागत नाही. कोणीही त्यांना अडवलं नाही. सूर्यभान उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "पहिल्या खेपंला अर्धे तरी वाटंत मेले होते. ही खेप चांगली. समदे एका जागी मेले."

मुंजाजी घरी येईपर्यंत तिच्यापुढे दहा हात चालला. मागे वळून बघितलं नाही.

*

त्यानंतर घरात बोलणं असं राहिलं नाही. भाकरी व्हायची, ताटं मांडली जायची, लोक जेवून उठायचे. सोसायटीतल्या बायका विहिरीवर कासाबाईला जागा द्यायच्या, पण ती आली की गप्पा थांबायच्या. एकीने तिच्या मागे म्हटलेलं तिने ऐकलं, "हिच्या हातानं पोरं बी झोपवू नयेत." कासाबाईने घागर भरली आणि आली. तिला वाटत होतं, ते खरंच आहे. तळं जाणार होतं आणि ते ठेकेदाराने नेलं नसतं, पावसाने नेलं नसतं, तिच्या हातातल्या पुरचुंडीने नेलं होतं. पालखीची दांडी मुंजाजीच्या खांद्यावरून उतरली होती, ती पुन्हा कशाच्या ना कशाच्या रूपाने चढणार होती. ऊसतोडीच्या टोळीत, नाहीतर सडकेवर खडी फोडायला.

कोंडाबाईच तेवढी बोलायची, कारण गप्प बसणं तिला जमतच नव्हतं. एकदा उखळ चौथ्यांदा राखेने घासता घासता ती बडबडली, "मरळीवर बगायलीस माप! मरळ काय, फुफाट्यात बी जगती. घडीघडीला वर येऊन वारा पिती मुडदी. ते रेल्वेतून आलेले काय वारा पितेत? त्यांचं समदं पाण्यातच. तू पाण्यातच इख ठिवलंस, दोन कोस."

कासाबाई जात्यावर बसली होती. तिचा हात थांबला.

"आत्याबाई, हे आदी कामून न्हाई बोललात?"

"तू इचारलंस कवा? तू तर सायबाला इचारायलीस."

खरंच, मरळ घरात होती म्हणून मरळीवर बघितलं. भोयाच्या घरात रांजणात असते ती मरळच. दुसरा मासा घरात जिवंत राहतोच कुठे! मरळ तोंड वर काढून श्वास घेत होती, म्हणून गेळाच्या पाण्यातही टिकत होती. रोहूला ते पाणीच ओढावं लागत होतं, सगळ्या वाटेने, गलफडांतून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घंगाळ घेऊन तळ्यावर गेली. मुंजाजीने अडवलं. "तळ्यात उरलेला एक एक मासा समद्या घरांचा हाय. तू आनखी मारणार?"

"मारणार," ती म्हणाली. "मारल्याबिगर कळायचं न्हाई."

तो बाजूला झाला. तिला बरं वाटलं नाही. त्याने अडवून धरलं असतं तर तिला घरी जाऊन पडता आलं असतं.

मासे मरत राहिले. अर्धी पुरचुंडी फिरवली, मेला. पाव फिरवली, झोपलाच नाही, घंगाळाला धडका देऊन रक्ताळला आणि मग मेला. दुपारच्या तापल्या पाण्यात गेळ लवकर चढायचं, पहाटेच्या गारव्यात उशिरा. जुन्या फळांचं निराळं, या साली वाळलेल्यांचं निराळं. मोठा कटला गपकन पडायचा, बारका रोहू झगडत राहायचा. काल जमलेलं माप आज जमत नव्हतं. मेलेले मासे ती पदराआड घरी आणायची आणि कालवण करायची. बायनाबाई जेवताना म्हणायची, "अक्का, आज कोणत्या दवाखान्यातला पेशंट?" कोंडाबाई शिवायची नाही. मीठ-भाकरी खायची आणि सगळ्यांच्या ताटांकडे, आता कोण आडवा होतो, असं बघत बसायची.

कासाबाईला एक माप पाहिजे होतं. इतक्या पाण्याला इतकं गेळ, इतका वेळ. ते मिळालं असतं तर ती सूर्यभानच्या हातावर ठेवणार होती. तसं माप नव्हतंच. होती ती फक्त माशाची खूण. हात लावला तरी पळत नाही, पण शेपटीचं मूळ दाबलं की अजून आवळून घेतो. गलफडं मंद झालीत, पण एकसारखी चाललीत. तिथे थांबायचं. त्याच घटकेला उचलून स्वच्छ पाण्यात घालायचा आणि त्याच पाण्यातून न्यायचा. गुंगी बराच वेळ राहते. थोडा जास्त झोपलाच, तर त्याला दोन्ही हातांवर घेऊन पाण्यात तोंडाच्या दिशेने पुढे पुढे ढकलायचा, म्हणजे पाणी गलफडांतून जातं. असे काही तिच्या हातात परत आले. एक रोहू तर इतका वेळ ढकलावा लागला की तिचे गुडघे चिखलात रुतले आणि ती त्याच्याशी बोलायला लागली, "ऊठ की रं, ऊठ माझ्या राजा, तुझ्या मायनं तुला रेल्वेत बसवलं ते मरायला का?" तो हलला तेव्हा ती रडली. मग एकदम ओशाळून तिने इकडे तिकडे बघितलं. बगळ्यांशिवाय कोणी नव्हतं.

एक दिवस तिने झोपवलेले दोन मासे ताज्या पाण्याच्या घागरीत घातले आणि घागर डोक्यावर घेऊन निघाली. झाडाखाली थांबून, घागरीत हात घालून गलफडं चाचपून, पुढे. बारवेवर पोचली. पायरीवर बसून तिने घागर पाण्यात आडवी केली. दोघेही आपापल्या अंगाने बाहेर पडले, थोडं तिरके झाले, मग हिरव्या पाण्यात खाली गेले. ती ऊन कलेपर्यंत बसून राहिली. कोणी वर आलं नाही.

ती तशीच सूर्यभानच्या अंगणात गेली. सोसायटीचे लोक लिंबाखाली बसलेलेच होते, मुंजाजी आणि अंगदसुद्धा.

"दोन?" सूर्यभान म्हणाला. त्याच्या बोलण्यात टवाळी नव्हती, तो थकला होता. "कासाबाई, तळ्यात पाणी किती ऱ्हायलंय, बगितलंस का? घोट्याएवढं. मासे आता तिथंच मरायलेत. दोन दोन करून तू किती न्हेशील?"

"समद्या बाया आल्या तर..."

"आन् समद्यांला तुझा डोळा कुठून देऊ? तू सांग एक माप. एका घागरीला किती गेळ?"

तिने घागर खाली ठेवली. अंगद खाली मातीत काडीने रेघा मारत होता.

"तसं माप न्हाई," ती म्हणाली. "माशाकडं बगावं लागतं."

"मंग झालं," सूर्यभान म्हणाला. बाजाराच्या आदल्या दिवशी तळ्यातले सगळे मासे काढायचे, घरटी वाटे करायचे, ज्याने त्याने आपला वाटा बोरीला विकायचा. कोणाचं काही म्हणणं? कोणाचं काही नव्हतं. हात वर झाले. मुंजाजीचाही झाला, सगळ्यांच्या मागून, अर्धाच, पण झाला. कासाबाईने तो बघितला.

माणसं उठून गेल्यावरही ती लिंबाखालीच उभी होती. सूर्यभानशी ती आणखी चार शब्द बोलली. मग घरी आली.

घरी दिवेलागण झाली होती. बायनाबाईने चूल पेटवली होती. मुंजाजी आणि अंगद पाटावर बसले होते. कोंडाबाई भिंतीला टेकून होती. कासाबाईने हातपाय धुतले, काठवट पुढे ओढली आणि भाकरी थापायला घेतली. मुंजाजी म्हणाला, "नाइलाज झाला. समदे म्हणायले तर मी एकटा काय म्हणू?" तिने भाकरीची कड दाबली. तो पुन्हा म्हणाला, "टोळीच्या मुकादमाला कळवावं म्हणतो. आपलं एक कोयतं, नवराबायकूचं." तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली.

"जाऊ दे गं," कोंडाबाई म्हणाली. एवढ्या दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता. "तळं कवा आपलं होतं! आपल्याला सवय हाय."

"अक्का, बस आता तू," बायनाबाई म्हणाली. "मी करते भाकरी."

कासाबाईने फुगलेली भाकरी मुंजाजीच्या ताटात टाकली आणि दुसरी थापायला घेतली.

"आपला वाटा बाजारात जायचा न्हाई," ती म्हणाली. "पाण्यातच ऱ्हाऊ द्या, म्हणून सूर्यभानला सांगून आलेय. कोयतं अर्धंच कळवा, माझं न्हाई. उद्यापासून मी बारवंवर मासे राखत ऱ्हाणार, पाऊस पडूस्तोर. तळ्यात घोट्याएवढं पाणी हाय तवर रोज पहाटं येऊन दोन दोन न्हेईन. हितली चूल बायना बगंल."